‘कारण : गांजा’ – न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

जबलपूर शहराच्या उत्तर भागात अधारताल नावाची मोठी वस्ती आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याने तेथे तलाव बांधविला आणि त्यावरून वस्तीला हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. आज जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि तण संशोधन संचालनालय या संस्थांमुळे शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे. अशा कोणत्याही शहरी वस्तीतील प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी रांग लागते. कोणाला खोकला, कोणाला पोटदुखी, कोणाला झोप न लागण्याची तक्रार. वजन होते, रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते. तंबाखू खाता का, असेही विचारले जाते. मात्र ‘गांजा ओढता का? झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेता का?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न नवा नाही. सुमारे एकशेतीस वर्षांपूर्वी याच जबलपुरात त्याचे उत्तर सरकारी कागदावर लिहिले जात असे. फक्त ते रुग्णाला विचारून लिहिलेले नसे. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे समजून घेतल्यास आजच्या चाचणी-प्रश्नावल्यांचे मोलही कळते आणि त्यांची मर्यादाही.

१८६१ साली सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रांत एकत्र करून ब्रिटिशांनी मध्य प्रांत स्थापन केला. तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच प्रशासनाखाली होती. प्रांतात वेड्यांची इस्पितळे दोन होती : एक नागपूरला, दुसरे जबलपूरला. तेथे दाखल होणाऱ्यांतील पुष्कळ जण स्वतःहून किंवा नातेवाइकांबरोबर येत नसत. १८५८ च्या कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलीस दंडाधिकाऱ्यापुढे नेत. वैद्यकीय दाखला मिळाला की त्याची रवानगी इस्पितळात होई आणि त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र जाई. त्यात नाव, वय, जात, धंदा यांच्या जोडीला ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे.

तो रकाना बहुधा पोलीस भरीत. माणूस परगावचा, बोलणे असंबद्ध, नातेवाईक कोण हे ठाऊक नाही. अशा वेळी कारण कोठून आणायचे? रकाना कोरा ठेवणे म्हणजे वरिष्ठांकडून विचारणा ओढवून घेणे. माणूस फकीर किंवा बैरागी दिसत असेल, कोणी त्याला चिलीम ओढताना पाहिले असेल, किंवा नुसता तसा संशय असेल, तर एक सोयीचे उत्तर तयार होते : गांजा. इस्पितळाचा प्रमुख अनेकदा जिल्ह्याचा सिव्हिल सर्जनच असे आणि त्याच्यावर इतर कामांचाही भार असे. तो वर्णनपत्रातील कारण नोंदवहीत उतरवून घेई. नोंदवहीतील आकडे वार्षिक अहवालात जात. तो अहवाल वाचून पुढच्या अधिकाऱ्याची खात्री पटे, की गांजाने वेड लागते हे आकड्यांनीच सिद्ध झाले आहे. आणि त्या खात्रीच्या आधारे पुढचा रकाना भरला जाई.

हे वर्तुळ मोडले ते लंडनमधील एका राजकीय प्रश्नामुळे. मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतील खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधील गांजाच्या दुष्परिणामांचा विषय काढला. जुलैमध्ये भारत सरकारने भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्याची कक्षा संपूर्ण हिंदुस्थानपर्यंत वाढविली. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांमध्ये मुंबई इलाख्यातील ओमनी आणि मध्य प्रांतातील आयुक्त ए. एच. एल. फ्रेझर हे अधिकारी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले सर्जन-मेजर वॉर्डन आणि तीन हिंदी सदस्य होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या. मध्य प्रांतात गांजाची परवानाधारक लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा तहसिलीत होई, तर मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगरकडे होई. त्यामुळे आजच्या मराठी वाचकाच्या ओळखीची बरीच गावे त्या अहवालात भेटतात.

विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग इस्पितळांच्या आकड्यांचा आहे. आयोगाने ते आकडे आहेत तसे स्वीकारले नाहीत. १८९२ या एका वर्षात देशभरातील इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांची नोंद तपासायला घेतली. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांगेचे कारण लिहिलेले होते. या प्रत्येक प्रकरणाची नव्याने चौकशी करविली. शक्य तेथे रुग्णाच्या गावी जाऊन नातलगांना आणि शेजाऱ्यांना विचारण्यात आले : हा माणूस खरोखर ओढत होता का? किती? वेडाची लक्षणे आधी दिसली की व्यसन आधी जडले? घराण्यात आणखी कोणाला असा आजार होता का? चौकशीअंती २२२ पैकी ९८ प्रकरणेच ग्राह्य ठरली, म्हणजे एकूण दाखल रुग्णांच्या सुमारे ७.३ टक्के. त्यांतही काहींच्या बाबतीत गांजाबरोबर इतर कारणे होतीच. निम्म्याहून अधिक ‘कारणे’ नुसते विचारताच गळून पडली.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी ठरला, असा नाही. आयोगाने अतिसेवनाचे धोके मान्य केले होते. लहान वयात सुरू झालेले आणि दीर्घकाळ चाललेले अतिसेवन मनोविकृतीचा धोका वाढविते, हे नंतरच्या संशोधनाने अधिक स्पष्ट केले आहे. शिवाय सरकारला गांजावरील अबकारी करातून उत्पन्न मिळत होते. संपूर्ण बंदी नको, या आयोगाच्या शिफारशीकडे पाहताना हेही विसरता येत नाही. पण पद्धतीचा धडा मात्र निर्विवाद आहे. व्यसनाची माहिती कोण विचारतो, कोणासमोर विचारतो आणि उत्तर कोठे लिहिले जाते, यावर त्या माहितीचा खरेखोटेपणा ठरतो.

याच धड्याची दुसरी बाजू मुंबईत दिसली. १९२०-च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. आई दहा-दहा तास साच्यावर आणि तान्हे मूल चाळीत, अशा संसारात मूल शांत राहावे म्हणून अफूची ‘बाळागोळी’ दिली जाई. या पाहणीतून निघालेला निष्कर्ष धक्कादायक होता : गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची जवळजवळ सर्वच तान्ही मुले अफूवर वाढत होती. पोलिसांच्या रकान्यात नशेबाज बैराग्यांची गर्दी होती, पण ही बाळे कोणत्याच रकान्यात नव्हती. स्त्रियांच्या आरोग्यासाठी आलेल्या डॉक्टरने विचारले, तेव्हा ती दिसली. चुकीच्या ठिकाणी विचारले की नसलेले व्यसन नोंदले जाते. योग्य ठिकाणी कोणी विचारलेच नाही, तर असलेले व्यसन नजरेआड राहते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती आणखी एका दिशेने बदलली. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा अमलात आला. गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत आले. भांगेची पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आजही आहेत. कलम २७ नुसार सेवन करणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे डॉक्टरच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे आता रुग्णाला गुन्ह्याची कबुली वाटू लागले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात पुढे घालण्यात आले. परंतु ते उपचार शासकीय किंवा मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावे लागतात आणि अर्धवट सोडल्यास संरक्षण काढून घेता येते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कलम ६४-अ ठाऊक नसते, पोलीस मात्र ठाऊक असतो.

त्याच दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पोहोचली. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या लेखनातून ती वस्तुस्थिती मराठी वाचकांसमोर आणली. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती कार्यक्रमही त्याच सुमारास आला. पण या केंद्रांत माणूस पोहोचतो तो घरदार, नोकरी, शरीर यांची बरीच हानी झाल्यावर. ती हानी होण्याआधी तो कित्येकदा साध्या दवाखान्याची पायरी चढलेला असतो, झोप लागत नाही म्हणून, छातीत दुखते म्हणून, पडून जखम झाली म्हणून. तेथे त्याला कोणी विचारले असते तर? प्राथमिक आरोग्यसेवेत व्यसनाची चाचणी करण्याची कल्पना याच प्रश्नातून निघाली.

प्रश्न शास्त्रशुद्ध करण्याचे प्रयत्न बाहेरच्या देशांत सुरू झाले होते. १९८२ मध्ये हार्वी स्किनर यांनी अमली पदार्थांच्या दुरुपयोगासाठी २८ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दारूसाठी चार प्रश्नांची ‘केज’ ही प्रश्नावली १९८४ पासून सर्वदूर गेली. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट जमवून ‘असिस्ट’ ही प्रश्नावली तयार करायला घेतली. तिच्या पहिल्या चाचण्यांपासून भारत सहभागी होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

‘असिस्ट’मध्ये आठ प्रश्न आहेत आणि ते विचारायला पाच ते दहा मिनिटे लागतात. तंबाखू, दारू, गांजा-भांग, अफूजन्य पदार्थ, झोपेची औषधे, हुंगण्याची द्रव्ये इत्यादींची यादी समोर ठेवून, औषधोपचाराचा भाग म्हणून नव्हे तर एरवी, यांपैकी काय कधी घेतले आहे, असा पहिला प्रश्न असतो. मग गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घेतले? घेण्याची तीव्र इच्छा झाली का? त्यापायी प्रकृतीची, पैशाची, कायद्याची किंवा घरची अडचण उभी राहिली का? नेहमीची कामे राहून गेली का? कोणी आप्ताने काळजी बोलून दाखविली का? सोडण्याचा प्रयत्न करून फसला का? आणि शेवटी, कधी सुईने घेतले का? उत्तरांना गुण असतात. अमली पदार्थांच्या बाबतीत ३ पर्यंत धोका कमी, ४ ते २६ मध्यम, २७ आणि त्यापुढे अधिक. मध्यम धोक्याच्या माणसाशी तेथेच थोडे समजुतीचे बोलायचे आणि अधिक धोक्याच्या माणसाला तज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी योजना आहे. जुन्या वर्णनपत्राशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. तेथे माणसावर एकच शिक्का बसे. येथे सेवन, त्रास आणि अवलंबित्व या तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात.

तरीही गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटे फार होतात. म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये एकाच प्रश्नाची परीक्षा घेतली : गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा बेकायदा अमली पदार्थ घेतले किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध उपचाराखेरीज अन्य कारणासाठी घेतले? २८६ रुग्णांच्या त्या अभ्यासात व्यसनविकार असलेला एकही माणूस या प्रश्नातून सुटला नाही. संवेदनशीलता १०० टक्के होती. विशिष्टता, म्हणजे विकार नसलेल्यांना बरोबर वगळण्याची क्षमता, ७३.५ टक्के होती.

हे आकडे ऐकायला उत्तम वाटतात. पण विद्यार्थ्यांनी येथे एक हिशेब करून पाहावा. समजा, एखाद्या दवाखान्यात आलेल्या १,००० रुग्णांपैकी २० जणांना खरोखर व्यसनविकार आहे. हा प्रश्न त्या विसांनाही शोधील. पण उरलेल्या ९८० पैकी २६.५ टक्के, म्हणजे सुमारे २६० जणही ‘होकारार्थी’ ठरतील. एकूण २८० जणांपैकी खरे रुग्ण २०, चौदात एक. उरलेल्यांतील अनेक जण कधीमधी घेणारे असतील, त्यांच्याशी बोलणेही उपयोगाचे ठरेल. पण ते विकारग्रस्त नव्हेत. पहिल्या चाचणीचे उत्तर म्हणजे निदान नव्हे. त्या उत्तरालाच निदान मानून कागदावर चढविले, तर १८९२ च्या रकान्याची पुनरावृत्ती होईल. फरक एवढाच, की या वेळी तिला टक्केवारीचा आधार असेल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : विचारल्याने रुग्णाचे भले होते का? २०१४ मध्ये अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. बॉस्टनमध्ये ५२८ आणि वॉशिंग्टन राज्यात ८६८ रुग्णांवर त्या झाल्या होत्या. प्राथमिक दवाखान्यात चाचणीने शोधलेल्या माणसांना थोडक्या वेळेचे समुपदेशन दिल्याने अमली पदार्थांचे सेवन कमी झाले नाही. दारूच्या बाबतीत उपयोगी ठरलेली युक्ती येथे लागू पडली नाही. त्याआधी भारत, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या चार देशांतील ७३१ जणांवर झालेल्या ‘असिस्ट’च्या चाचणीत मात्र तीन महिन्यांनी एकंदर गुण घटलेले दिसले होते, अमेरिकेतील केंद्रावर तेवढा तो परिणाम दिसला नव्हता. म्हणजे एका देशाचा निष्कर्ष दुसऱ्या देशाने उसना घेण्यात दोन्ही बाजूंनी धोका आहे.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २००८ मध्ये ‘पुरावा अपुरा’ असे म्हटले होते. जून २०२० मध्ये त्याने मत बदलले आणि अठरा वर्षांवरील सर्वांना विचारावे, अशी शिफारस केली. पण तिला एक अट जोडली : अचूक निदान, परिणामकारक उपचार आणि योग्य सेवा देता येत असेल, किंवा त्यासाठी रुग्णाला अन्यत्र पाठविता येत असेल, तरच. १२ ते १७ वयोगटासाठी पुरावा अपुराच ठरविला. आणखी एक स्पष्टीकरणही दिले : चाचणी म्हणजे प्रश्न विचारणे, लघवी किंवा रक्त तपासणे नव्हे. रुग्णाच्या शरीराकडून परस्पर उत्तर मिळविणे आणि रुग्णाला विचारणे यांतला हा भेद केवळ तांत्रिक नाही. पहिल्यात रुग्ण संशयित असतो, दुसऱ्यात तो बोलणारा माणूस असतो.

मग भारतात उपचार देणारा कोण? या प्रश्नाचे एक उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, २०१३ ते २०१५ या काळात, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुषांचे पिणे घातक पातळीखाली आले होते, तर तुलनेच्या गटात २६ टक्के. पूर्ण संयम पाळल्याचे प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के होते. हा अभ्यास दारूचा आहे, गांजा-अफूचा नव्हे. त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. परंतु प्राथमिक केंद्रात विचारणे आणि तेथेच मदत देणे आपल्याकडे अशक्य आहे, हा समज मात्र त्याने दूर केला.

गरज किती आहे, हे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने दाखविले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या या पाहणीत १८६ जिल्ह्यांतील २,००,१११ घरांना भेटी देण्यात आल्या. १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतले होते. अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.१ टक्के आणि झोपेची औषधे उपचाराखेरीज घेणारे सुमारे १.१ टक्के होते. हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले. आणि बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते.

या पार्श्वभूमीवर आजची आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो अर्ज भरते तो पाहावा. त्यात तंबाखू, गुटखा आणि दारू यांचे प्रश्न आहेत, त्यांना गुण आहेत. गांजा, अफू, गोळ्या, सुई यांची चौकशी त्या गुणांत धरलेली नाही. ती उद्या सहज वाढविता येईल. छपाईचा खर्च काहीच नाही. पण आशा त्याच वस्तीतली, शेजारची असते. तिच्यासमोर दिलेले उत्तर गल्लीभर होणार नाही, याची खात्री घरच्यांना कोण देणार? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हा हक्क कायद्याच्या पुस्तकातून दवाखान्याच्या भिंतीवर, साध्या भाषेत, यावा लागेल. ‘हो’ म्हणणाऱ्यासाठी त्याच आठवड्यात भेटणारा समुपदेशक, आणि अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे सिद्ध औषध जवळच्या अंतरावर असावे लागेल. त्यानंतरच अर्जात रकाना वाढविणे न्याय्य ठरेल.

जबलपूरच्या जुन्या इस्पितळात वर्णनपत्रे भरणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे एक रकाना होता आणि तो भरण्याची सक्ती होती. समोरच्या माणसाला विचारण्याची सक्ती नव्हती. अधारतालच्या एखाद्या दवाखान्यात उद्या हा प्रश्न छापून येईल, तेव्हा परिचारिकेच्या हातातील कागदही तसाच दिसेल. तो पोलिसाचा कागद ठरणार की वैद्याचा, हे त्यावरील शब्दांवरून ठरणार नाही. रुग्णाने ‘हो’ म्हटल्यावर पुढच्या क्षणी त्याच्यासाठी कोणते दार उघडते, त्यावरून ते ठरेल.